बिनशिकारी घरात जर्मन शॉर्टहेअर : अंकाच्या नोंदी

१४ जानेवारी २०२३

कुत्री अजून घरात यायची आहे, पण कागद आणि खर्च सुरू झालेत, म्हणून नोंदीही आजपासून. आम्ही जर्मनीत हिल्डेसहाइमजवळच्या एका खेड्यात राहतो. चहूबाजूंनी गहू, बीट आणि मोहरीसारखा पिवळा राप्स, मधून शेतकऱ्यांच्या डांबरी पाणंदी. जात ठरलेली होती : जर्मन शॉर्टहेअर पॉइंटर, इथल्या भाषेत डॉइच कुर्त्सहार. पिल्लासाठी चार ठिकाणी विचारलं. या जातीच्या क्लबातल्या ब्रीडरचा पहिला प्रश्न एकच, शिकारीचा परवाना आहे का? नाही म्हटलं की अतिशय सभ्यपणे फोन संपतो. त्यांचं चुकत नाही. शंभरेक वर्षं ज्या कुत्र्याला दिवसभर शेतात राबायला घडवलं, तो सोफ्यावर बसवायला कोण देईल?

मग शिकारी जातीच्या कुत्र्यांना दुसरं घर शोधून देणाऱ्या एका संस्थेकडे नाव घातलं. तिथे चौदा महिन्यांची मादी मिळाली. आधीचं घर शहरात, तिसऱ्या मजल्यावर. शेपूट आखूड केलेली. जर्मनीत शेपूट कापायला बंदी आहे, सूट फक्त शिकारीच्या कुत्र्यांना. म्हणजे हिची पैदास कामासाठीच झालेली आणि नंतर कुठेतरी वाट चुकली.

निडरझाक्सनमध्ये, म्हणजे आमच्या राज्यात, राहणाऱ्यांसाठी : चिप, थर्ड पार्टी विमा आणि राज्याच्या रजिस्टरात नोंद सक्तीची. शिवाय मालकाची परीक्षा. लेखी कुत्रं घ्यायच्या आधी, प्रात्यक्षिक पहिल्या वर्षात. गेल्या दहा वर्षांत सलग दोन वर्षं कुत्रं पाळल्याचं दाखवता आलं तर माफी मिळते. माझ्या माहेरचा मोत्या त्या दहा वर्षांत बसत नाही आणि त्याचे कागद तर कधीच नव्हते. लेखी दिली, पास झाले.

४ फेब्रुवारी

अंका आली. उंची ६० सेंटिमीटर, वजन २३ किलोच्या आत. नाव तिच्यासोबतच आलं, बदललं नाही.

घरात पाऊल टाकल्यापासून बसलेली नाही. स्वयंपाकघर, मागचं दार, जिना, परत स्वयंपाकघर. आम्ही दिवे मालवले तेव्हा कुठे आडवी झाली. जेवण एका मिनिटात फस्त. खोबण्या असलेलं ताट आणलं, आता पाच मिनिटं लागतात. छाती खोल असलेल्या कुत्र्यांत पोटाला पीळ पडण्याचा धोका असतो, त्यामुळे जेवण दोन वेळा विभागून, आणि जेवणाच्या आधी-नंतर तासभर धावपळ बंद. उलटीचा जोर येतोय पण बाहेर काही पडत नाही, पोट ढोलासारखं ताठ, जिवाची तगमग : एवढं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, ऑपरेशन काही तासांतच व्हावं लागतं. रात्रीच्या दवाखान्याचा नंबर फ्रिजवर लावला.

१९ फेब्रुवारी

सगळीकडे एकच सल्ला : या जातीला पळवा, दमवा. त्याप्रमाणे सकाळी नवरा सायकलबरोबर पळवतो, संध्याकाळी मी चेंडू फेकते. सुट्टीला जंगल. घरी आल्यावर ती पाणी पिते आणि पुन्हा दाराशी उभी. आम्ही मात्र जेवताना पेंगतो.

५ मार्च

महिनाभराच्या पळापळीचं फळ म्हणजे कुत्रीचा दम वाढला. पूर्वी तासाभराने जीभ बाहेर यायची, आता दीड तासाने येते. बरगड्या उघड्या पडल्यात. घरात येरझाऱ्या तशाच, उलट आता चेंडूच्या कपाटासमोर कुईंकुईं.

आणखी एक गोष्ट सुरू झाली, ती जास्त काळजीची. नवऱ्याच्या घड्याळाची तिरीप भिंतीवर पडली. अंका तिच्यावर झेपावली, तिरीप गेली, तरी ती भिंतीकडे टक लावून उभीच. लेकीला गंमत वाटली, तिने चमचा हलवून दाखवला. दुसऱ्या दिवशी ऊन नसतानाही अंका त्याच भिंतीसमोर. हाक मारली तर कानही हलत नाही.

ट्रेनर बोलावली. तासाचे ८० युरो. तिने येऊन पहिल्यांदा आमच्या मनगटांकडे पाहिलं. पॉइंटर जातींना हलक्या हालचालीवर खिळायचं वेड रक्तातच असतं, त्याला प्रकाशाचं किंवा सावलीचं खाद्य मिळालं की व्यसन लागतं, असं तिचं म्हणणं. घड्याळं घरात शिरताच काढायची, दुपारी पडदे ओढायचे, लेसरची खेळणी कचऱ्यात. ती भिंतीकडे वळली की आरडाओरडा न करता उठून दुसऱ्या खोलीत घेऊन जायचं. चेंडू बंद. सायकल आठवड्यातून दोनदा, तीही दुडक्या चालीने.

तिला विचारलं, "मग ही दमणार कशी?"

"दमवायचं कशाला? हिला झोप हवी आहे."

२६ मार्च

नव्या वेळापत्रकाचा हिशेब.

मोठ्या कुत्र्याची दिवसाला पंधरा-सोळा तास झोप आणि विश्रांती होते. अंकाची निम्मीसुद्धा होत नव्हती. आता जेवणाच्या टेबलाच्या जड पायाला आखूड पट्टा बांधून खाली जाड चटई टाकतो आणि मी शेजारी खुर्चीत लॅपटॉप घेऊन बसते. बोलायचं नाही, बघायचं नाही, कुरवाळायचंही नाही. पहिले काही दिवस तिने कुंथून कुंथून घर डोक्यावर घेतलं. आठव्या-नवव्या दिवशी मोठा सुस्कारा आला आणि तिने एक कुल्ला जमिनीवर टाकला. (कुत्रं सावधपणे बसलंय की खरंच सैलावलंय ते कुल्ल्यावरून कळतं. दोन्ही मागचे पाय अंगाखाली दुमडलेले असतील तर ते उठायच्याच तयारीत असतं.)

दुसरा बदल : जेवणाचा एक भाग ताटात न देता मागच्या गवतात उधळायचा. नाकाने एकेक दाणा शोधायला तिला दहा मिनिटं लागतात आणि त्यानंतर ती दोन तास झोपते. सायकलच्या तासाभराने असं एकदाही झालं नव्हतं. ज्यांनी ही जात घेतली आहे त्यांनी आधी हे करून बघा, बाकी सगळं मागाहून.

तिरिपीचं वेड कमी झालंय, गेलेलं नाही.

२ एप्रिल

कालपासून १५ जुलैपर्यंत राज्यात मोकळ्या रानात सगळ्या कुत्र्यांना पट्टा सक्तीचा. चंडोल आणि तित्तरं जमिनीवर अंडी घालतात, हरिणांची पाडसं गवतात निपचित पडून असतात. आम्ही तसंही सोडत नव्हतो, पण आता दहा मीटरची लांब दोरी रीतसर वापरायला घेतली. हिच्यावर जरा सविस्तर लिहिते, कारण विकत घेताना कुणी काही सांगत नाही.

सुती दोरी घेऊ नका. ओली झाली की बारदानासारखी जड होते आणि वाळता वाळत नाही. बायोथेन नावाची प्लास्टिकचं आवरण असलेली पट्टी मिळते, साधारण ३५ युरो. चिखल लागला तर नळाखाली धरायची. शेवटाला मूठ नसलेली घ्या, मुठीचा फास झुडपात अडकतो. दोरी गळपट्ट्याला कधीही लावू नका. दहा मीटर सुसाट जाऊन तेवीस किलोचा हिसका मानेला बसला तर मान कामातून जाईल. छातीचा हार्नेस, पाठीवरची कडी. हार्नेस आणि दोरीच्या मध्ये रबरी धक्काशोषक.

आणि मनगटाला गुंडाळायची नाही. कितीही थंडी असो, कितीही कंटाळा आलेला असो. मी गुंडाळली नव्हती, नुसती मुठीत धरली होती, हातमोजे खिशात. ससा उठला. दोरी मुठीतून सरसर गेली आणि तीन बोटांची साल घेऊन गेली. आठवडाभर कणीक मळायचं काम नवऱ्याकडे आलं. पोळ्या जाड झाल्या, पण तक्रार कुणाची नव्हती.

आता हातमोजे हार्नेसच्या कडीलाच अडकवून ठेवते.

२३ एप्रिल

या वेळी दोरी शाबूत राहिली, हूक उघडला. हरीण पाणंद ओलांडून राप्समध्ये शिरलं, अंकाने धाव घेतली, कट् असा आवाज आला आणि माझ्या हातात रिकामी दोरी. राप्स सध्या छातीइतका, पिवळाधम्मक, त्यात कुत्री दिसणं अशक्य. फक्त शेंडे हलताना दिसत होते, मग तेही थांबले. मी आणि लेक हाका मारत बांधावरून पळत होतो. ट्रेनरने बजावलं होतं की जिथून पळाली तिथेच थांबा, कुत्रं स्वतःचा माग उलटा काढत तिथेच येतं. हे बऱ्याच वेळाने आठवलं. परत जाऊन त्याच जागी उभ्या राहिलो. तिन्हीसांजेला आली. अंगभर पिवळे परागकण, जिभेतून फेस, आणि चेहऱ्यावर कसलाही पश्चात्ताप नाही. रागावले नाही. आलेल्या कुत्र्याला रागावलं तर पुढच्या वेळी ते येणार नाही.

तपासल्यावर कळलं ते असं : हुकाची स्प्रिंग कमकुवत, हिसक्याने पिळून उघडली. आता पितळी कात्री-हूक, ज्याची दोन पाती एकमेकांवर बंद होतात. शिवाय गळपट्ट्याला जीपीएस, सुमारे ५० युरो आणि वर महिन्याचं भाडं. दुसऱ्या दिवशी गावच्या यागडपेष्टरला, म्हणजे या शिवारातले शिकारीचे हक्क ज्याने भाड्याने घेतलेत त्या गृहस्थांना, स्वतः फोन करून घडलेलं सांगितलं. हे काम कुत्रं आणल्या आणल्या करायला हवं होतं. ते फारसे खूश झाले नाहीत, पण त्यांनी माझा नंबर लिहून घेतला आणि अंकाचा फोटो मागितला.

२१ मे

गावाच्या टोकाच्या घरातले आजोबा ऐंशीच्या पुढचे. आयुष्यभर कुर्त्सहार पाळले, गुडघ्यांमुळे आता नाही. यागडपेष्टरकडून त्यांना आमची कहाणी कळली असावी, कारण ते काठी टेकत दारात आले आणि म्हणाले, "चला, मी येतो तुमच्याबरोबर. हळू चालावं लागेल."

वारा समोरून होता. अंका दोरीच्या टोकाशी, नाक वर करून चालत होती. चालता चालता तिचं डोकं कुणी बाजूला खेचल्यासारखं वळलं, त्यामागून धड वळलं आणि ती जागच्या जागी थिजली. डावा पुढचा पाय उचललेला, पंजा खाली लोंबता. आखूड शेपूट पाठीच्या रेषेत. सगळं अंग दगड, फक्त नाकपुड्या आणि ओठांच्या कडा हलत होत्या. श्वासागणिक गाल फुगत होते, पाइप ओढणाऱ्या माणसासारखे. मांडीच्या कातडीखाली एक शीर थरथरत होती.

मी नेहमीप्रमाणे तोंड उघडलं, "अंके—" तोच आजोबांनी काठी माझ्यासमोर आडवी धरली.

"हाक मारू नका. दोरीही ओढू नका. सावकाश चालत तिच्याजवळ जा. मध्येच थबकू नका."

गेले. "आता हात ठेवा तिच्या अंगावर. शाबास म्हणा, पण हळू आवाजात." ठेवला. ती थरथर हातात जाणवली. तिने डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा समोर. इतक्या महिन्यांत बाहेर असताना तिने माझी दखल घेतल्याचं मला पहिल्यांदा दिसलं. चरातल्या गवतात, पाच पावलांवर, फेझंटची मादी अंड्यांवर बसली होती. मला आजोबांनी दाखवूनही दिसायला वेळ लागला. रंगच तसा.

पक्षी उठवायचा नव्हता, दिवस विणीचे. हार्नेस धरून अंकाला वळवलं, पन्नासेक पावलं मागे आणलं आणि आजोबांच्या सांगण्यावरून कापडी डमी, म्हणजे खोटं सावज, गवतात टाकून शोधायला लावली. तिने ती आणून दिली तेव्हा म्हातारबाबांचा चेहरा बघायला हवा होता.

परतीच्या वाटेवर त्यांनी मला झापलं, झापलं म्हणजे त्यांच्या पद्धतीने. "तुम्ही हिला ससा दिसला की ओरडता, पक्षी दिसला की ओरडता. म्हणजे हिच्या दृष्टीने काय, तर शिकार आली की मालकीणबाई भुंकतात. मग ती घाई करते. थांबणं हिला शिकवावं लागत नाही हो, ते घेऊनच ती जन्मली आहे. थांबली की तुम्ही तिच्यापाशी गेलं पाहिजे आणि ते तिला फायद्याचं वाटलं पाहिजे."

बंदूक नसलेल्या घरात फायदा म्हणजे काय? आमच्यापुरतं उत्तर : बघायला दिलेला वेळ, हळू आवाजातली शाबासकी, आणि मागे नेऊन डमी. कोरडं बिस्किट रानात तिच्या खिजगणतीत नाही, थुंकून टाकते.

११ जून

सासूबाई इस्लामपूरहून आल्यात. बीटाची शेतं आणि दूरवरचा साखर कारखाना बघून त्यांना घरी आल्यासारखं वाटलं. अंकाला बघून मात्र नाही. "अगं, हिला पोटभर घालत नाही का तुम्ही? बरगड्या मोजून घ्याव्यात." धडधाकट शॉर्टहेअरच्या शेवटच्या एकदोन बरगड्या दिसल्या तर चालतं, हे मी त्यांना पटवू शकले नाही. तुपाची पोळी टेबलाखाली जाते, मला माहीत आहे. वजन आता २५ आहे, तर मीही गप्प.

एक निरीक्षण. सासूबाई दुपारी दोन-दोन तास एका जागी बसून मटार सोलतात, भाजी निवडतात, फोनवर बोलतात. अंका त्यांच्या पायाशी कुशीवर, चारी पाय पसरून, माझ्या शेजारी ती अजूनही अशी सैलावत नाही. मी लॅपटॉपवर असते, पण दर पाच मिनिटांनी उठते. चटईची शिकवण खरं म्हणजे मला हवी होती.

२५ जून

कुसळ. उन्हाळ्यात कुत्रं घेऊन फिरणाऱ्यांनी एवढी एक नोंद वाचली तरी चालेल.

इथे पाणंदींच्या कडेला जवासारखं दिसणारं रानगवत असतं, मॉइजेगेर्स्टं म्हणतात. जूनमध्ये वाळतं आणि त्याची कणसं सुटून काटेरी भाले होतात. आपल्या माळावरच्या कुसळाचाच प्रकार. केसाळ कुत्र्यांनाच त्रास होतो असं मी ऐकलं होतं. अंकाचे केस मखमलीसारखे आखूड, म्हणून बेफिकीर होते.

गुरुवारी ती उजवा पुढचा पंजा चाटत होती. शुक्रवारी बोटांच्या मध्ये वाटाण्याएवढा लाल फोड. मिठाच्या कोमट पाण्यात बुडवला, दोन दिवस बघू म्हटलं. शनिवारी पाय टेकवेना, म्हणजे सुट्टीचा दवाखाना. इथे पशुवैद्यांचे दर सरकारी तक्त्याप्रमाणे असतात, २०२२ च्या नोव्हेंबरात ते वाढले. सुट्टीला मूळ दराच्या दुपटीपासून चौपटीपर्यंत आकारणी आणि वर ५० युरोंचा वेगळा आकार. गुंगीचं इंजेक्शन, फोडाला चीर, आणि डॉक्टरीणबाईंनी लांब चोचीच्या चिमट्याने आतून जे ओढलं ते दोन सेंटिमीटरचं कुसळ होतं. चिमट्यात धरून मला दिव्याखाली दाखवलं. एका दिशेने बोट फिरवलं तर गुळगुळीत, उलट फिरवलं तर करवत. म्हणून ते कातडीत शिरलं की पुढेच सरकतं, मागे येत नाही. पंज्यातून मनगटापर्यंत गेलेली कुसळं काढायला सोनोग्राफी लागते. आमचं थोडक्यात भागलं : ३१० युरो. शुक्रवारी गेलो असतो तर निम्म्यात काम झालं असतं.

आता रोज फिरून आल्यावर पायरीवर बसवून तपासणी. बोटांच्या सगळ्या बेचक्या, पंज्याची खालची बाजू, काखा, कानांच्या आत, शेपटीखाली. सासूबाईंनी चष्मा लावून हे खातं स्वतःकडे घेतलंय. अंका अचानक डोकं झटकायला लागली, मान एका बाजूला कलली तर कानात गेलंय असं समजायचं आणि कापसाची काडी घालायची नाही, कुसळ आत ढकललं जातं.

गोचिडांसाठी गोळी चालू आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

१६ जुलै

पट्ट्याची सक्ती काल संपली. आमच्यासाठी काही बदललं नाही, दोरी चालूच.

खर्च विचारणाऱ्यांसाठी, मोठे आकडे : संस्थेला ३५०, गावचा वर्षाचा कुत्राकर शंभरच्या आसपास, विमा ६०, गाडीतला ॲल्युमिनियमचा पिंजरा ३०० (वापरलेला), ट्रेनर आजवर ४००, दोऱ्या-हूक-हार्नेस १५० कारण दोनदा घेतले, कुसळ ३१०. खाणं महिन्याला ७० ते ८०. चेंडू फेकायच्या यंत्राचे ९० युरो वाया.

एका ओळखीच्याने विजेचा झटका देणारा गळपट्टा सुचवला, "परदेशातून मागवता येतो" म्हणे. जर्मनीत त्याला बंदी आहे, काटेरी गळपट्ट्यालाही २०२२ पासून. आणि बंदी नसती तरी : पॉइंट धरलेल्या, म्हणजे सावज हेरून जागीच थिजलेल्या, कुत्र्याला झटका बसला तर ते पुढच्या वेळी पक्षी दिसताच मान फिरवून निघून जाईल. जी एक गोष्ट आमच्या बाजूची आहे तीच मोडायची का?

२७ ऑगस्ट

थांबायची शिट्टी. इथे गाडं बरेच दिवस अडलं होतं.

पद्धत सोपी दिसते. लांब एक सूर म्हणजे बूड टेकायचं. घरात ताटासमोर, मग अंगणात, मग दोरीवर चालताना, मग दूर असताना, मग काठीच्या दोरीला चिंधी बांधून ती पळवताना. तिच्यानंतर कबुतरं, शेवटी ससा. आम्ही अंगणापर्यंत आलो होतो आणि मी पळत्या हरणामागे ती शिट्टी वाजवली. अर्थात थांबली नाही. मग पुन्हा वाजवली, पुन्हा. तीन-चार आठवड्यांत त्या सुराची किंमत वाऱ्याच्या आवाजाइतकी झाली.

आजोबांनी दुसरी शिट्टी दिली. ॲक्मे कंपनीच्या शिट्ट्यांवर आकडा असतो, माझी २११.५ होती, त्यांची २१०.५. सूर वेगळा. त्या आकड्याची कुठलीही नवी शिट्टी त्याच सुरात वाजते, त्यामुळे हरवली तरी अडत नाही. जुनी खणात टाकली आणि पहिल्यापासून सुरुवात. या वेळी नियम : ती थांबेलच अशी पैज लावायची तयारी असेल तरच वाजवायची. नाहीतर तोंड मिटून दोरी धरायची.

काल चिंधीपर्यंत पोचलो. चिंधी उडाली, ती धावली, शिट्टी, आणि बूड गवतात. आश्चर्य मलाच जास्त वाटलं.

८ ऑक्टोबर

बीट काढायला सुरुवात झाली. रात्रभर यंत्रांचे दिवे, पाणंदीवर चिखल, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या कारखान्याकडे. ऊस तोडणीच्या दिवसांत फडातून ससे निघतात तसे इथे बीटातून निघतात. अंकाचं नाक दिवसभर दाराच्या फटीला.

काटेरी तारेवर कानाची कड फाटली. जखम नखाएवढी, पण कानातून रक्त थांबत नाही कारण ती डोकं झटकते. पांढरी भिंत, छत, फ्रिज, लेकीची वही : सगळीकडे ठिपके. बँडेज दहा मिनिटांत उडतं. उपाय : लेकीच्या जुन्या लेगिंग्जचा एक पाय कापून अंकाच्या डोक्यावरून गळ्यापर्यंत चढवला, कान दोन्ही बाजूंनी दाबून. तोंड मोकळं. दिसायला नऊवारीतला पदर घेतलेली म्हातारी, पण दोन दिवसांत जखम धरली. खर्च शून्य.

१९ नोव्हेंबर

प्रात्यक्षिक परीक्षा झाली. बाजारपेठेतून चालणं, सायकलवाला, दुसरं कुत्रं, बाकावर बसून वाट बघणं. परीक्षकबाई वाट बघण्यावर खूश. चटईचे उपकार.

अंका ऑगस्टअखेर माजावर आली होती, आता खोटी गरोदर आहे. दोन डम्या सोफ्याच्या कोपऱ्यात नेऊन त्यांना चाटते, स्तनांत दूध. डम्या लपवल्या, खाणं थोडं कमी, फिरणं वाढवलं. पोट चोळायचं नाही, दूध वाढतं. दोनतीन आठवड्यांत उतरेल असं डॉक्टर म्हणाल्या.

थंडीत अंगरखा लागतो, आतला लोकरीचा थर या जातीला फारसा नसतो. चालताना नको, थांबून राहायचं असेल तेव्हा हवा.

१ जानेवारी २०२४

वर्षअखेरीच्या फटाक्यांची धास्ती घेऊन दारं-पडदे बंद करून बसलो होतो. पहिला बार झाला तशी अंका उठली, खिडकीशी गेली आणि आभाळाकडे बघत राहिली. दुसरा बार, पुन्हा आभाळ. काहीच खाली पडेना. अर्ध्या तासाने निराश होऊन झोपली.

१० मार्च २०२४

काल ससा. पेरलेल्या गव्हात, तीस पावलांवर. अंकाने आधी पॉइंट धरला, मी निघाले, तिच्यापाशी पोचायच्या आत ससा उठला. ती दोन उड्या गेली. शिट्टी. बसली. दोरी सैलच होती. ससा शिवाराच्या टोकाशी दिसेनासा होईपर्यंत ती बसून बघत होती आणि मी तिला बघू दिलं. पुढच्याच दिवशी, म्हणजे आज सकाळी, मांजराच्या मागे शिट्टीला भीक घातली नाही आणि मला चिखलात लोळवलं. दोन्ही गोष्टी लिहून ठेवते.

दोरी काढायचा विचार या वर्षी नाही. तिरिपीचं वेड हिवाळ्यात जवळजवळ नव्हतं, ऊन वाढल्यावर पुन्हा बघायचं.

नवं काम निघालंय. गाडीची धडक बसलेलं हरीण जखमी होऊन रानात शिरतं, त्याचा माग काढायला कुत्रं लागतं. यागडपेष्टर म्हणाले, अंकाचं नाक एकदा बघू या, तयार झाली तर पुढचं बोलू. शनिवारी आजोबा त्यांच्याकडून हरणाच्या कातड्याचा तुकडा आणून दोनशे पावलांचा माग घालणार आहेत, दोन वळणं घेऊन. वळणं कुठे आहेत ते मला सांगणार नाहीत, कारण मला माहीत असलं की मी दोरीने तिकडे वळवते म्हणे. दोरी या वेळी गळपट्ट्याला की हार्नेसला, यावर त्यांचा आणि नवऱ्याचा वाद चालू आहे. मी हार्नेस धुऊन वाळत घातलाय.